चार डायपोलचा फेज्ड ॲरे आणि हॅम स्वयंसेवक : कोल्हापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं एका ठरावीक रचनेला धरून आहेत : ४३६ मेगाहर्ट्झच्या आसपास फक्त ऐकणारा, चार डायपोलचा (डायपोल म्हणजे सरळ नळीची साधी अँटेना), ३-बिट फेज शिफ्टरचा (सिग्नल ठरावीक पायऱ्यांनी थांबवणारा भाग) ॲरे. घरची गच्ची, उद्यमनगरातलं एखादं वर्कशॉप आणि रविवारी वेळ काढणारी माणसं, एवढ्यावर जे होतं तेच यात धरलं आहे. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फेज्ड ॲरे म्हणजे नेमकं काय? अँटेना जागची न हलवता दिशा कशी बदलते?

रंकाळ्याच्या काठाशी एका ओळीत चार खांब रोवले आणि लाट तिरकी आली, तर ती चारही खांबांना एकदम लागत नाही, एकामागून एक लागते. रेडिओ लहरीही चार अँटेनांपर्यंत अशाच मागेपुढे पोचतात. ज्या अँटेनाला लहर आधी मिळाली तिचा सिग्नल तेवढाच थांबवून मग चारही एकत्र केले, की त्या दिशेचा सिग्नल एकावर एक चढतो आणि इतर दिशांचे एकमेकांना खोडतात. हे थांबवणं किती, ते इलेक्ट्रॉनिक्सने बदललं की बीम, म्हणजे ॲरे जिकडे जास्त ऐकतो तो पट्टा, फिरतो.

हिशोब असा : शेजारच्या दोन अँटेनांमधला फेजफरक (लहर किती मागेपुढे, ते अंशांत; पूर्ण लहर ३६० अंश) = ३६० × (अंतर ÷ तरंगलांबी) × साइन(कोन). अंतर अर्धी तरंगलांबी ठेवलं की उरतं १८० × साइन(कोन). बीम ३० अंश कलवायचा असेल तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत ९० अंशांचा फरक द्यायचा. एवढं सूत्र पाठ असलं तरी पुढची बहुतेक उत्तरं समजतात.

२. चारच अँटेना का? आठ किंवा सोळा का नाहीत?

एकावरून चारवर गेलं की सिग्नल आणि नॉइज यांचं प्रमाण ६ डीबीने (दर ३ डीबीला दुप्पट) सुधारतं आणि बीमची रुंदी साधारण २६ अंशांवर येते. चारावरून आठवर गेलं तर आणखी ३ डीबीच मिळतात, पण बोर्ड, केबल, कनेक्टर आणि बिघडण्याच्या जागा दुप्पट होतात. तिरुपतीजवळ गदंकीच्या एमएसटी या वातावरण तपासणाऱ्या रडारमध्ये ५३ मेगाहर्ट्झवर १०२४ यागी अँटेना आहेत. तत्त्व हेच, पण त्यांची देखभाल हे काही जणांचं पूर्णवेळ काम आहे. चार चॅनेल (चॅनेल म्हणजे एका अँटेनाची, सिग्नल एकत्र होईपर्यंतची वाट) सारखे करता आले की आठ करणं ही मेहनतीची गोष्ट उरते. चारच जुळत नसतील तर आठ केल्याने काही सुधारत नाही.

३. ४३६ मेगाहर्ट्झच का? २.४ गिगाहर्ट्झवर ॲरे किती लहान होईल!

ॲरे लहान होईल हे खरं, पण चूकही तितकीच मोठी होईल. आरजी-३१६ केबलमध्ये ४३६ मेगाहर्ट्झला १ मिलिमीटर म्हणजे ०.७५ अंश, २.४ गिगाहर्ट्झला तोच मिलिमीटर ४ अंशांच्या वर जातो. हाताने केबल कापणाऱ्या माणसाकडून दोन-तीन मिलिमीटर इकडचे तिकडे होणारच. ४३६ ला ते खपून जातं. शिवाय वाय-फायचा गोंधळ नाही, हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, उपग्रहांचा पट्टा (४३५ ते ४३८) इथेच आहे आणि साधा नॅनोव्हीएनए (केबल-अँटेना मोजणारं छोटं उपकरण) इथे भरवशाने मोजतो.

४. माझ्याकडे हॅम लायसन्स नाही. भाग घेता येईल का?

येईल. सोल्डरिंग, जाळी-चौकट बनवणं, केबल मोजणं, प्रोग्राम लिहिणं, नोंदी ठेवणं यासाठी लायसन्स लागत नाही. अँटेनातून बाहेर पडणारा कोणताही टेस्ट सिग्नल मात्र लायसन्सधारकाने, स्वतःच्या कॉलसाइनवर, हजर राहून सोडायचा. बाकीच्यांनी बटणालाही हात लावायचा नाही.

लायसन्स काढायचं असेल तर केंद्र सरकारच्या सरल संचार पोर्टलवरून अर्ज करून परीक्षा द्यावी लागते. किमान वय १२. रेस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही, जनरल श्रेणीला लागतं. परीक्षेतला नियमांचा भाग पोरं हलक्यात घेतात आणि तिथेच अडकतात, तेव्हा तो आधी वाचा.

५. सोल्डरिंग जमतं, पण आरएफचं (रेडिओ फ्रिक्वेन्सीचं) काम कधी केलं नाही. मला कोणतं काम मिळेल?

सुरुवात केबलपासून करा. सारख्या लांबीच्या चार केबल बनवून त्यांची फेज २ अंशांच्या आत आणणं हे दिसतं त्यापेक्षा अवघड आहे, आणि ते जमलं की बाकी आरएफ आपोआप कळायला लागतं.

कामाची वाटणी करताना एक नियम कटाक्षाने पाळा : एकाच प्रकारच्या चारही वस्तू एकाच माणसाने, एकाच बैठकीत बनवायच्या. प्रत्येकाने एकेक पूर्ण चॅनेल घरी नेऊन बनवायचा, ही वाटणी न्याय्य वाटते आणि उत्साहही वाढवते, पण त्यातून चार वेगवेगळे चॅनेल तयार होतात. कुणी केबलचं शिल्ड ४ मिलिमीटर सोलतो, कुणी ७. ॲरेत एखादा चॅनेल उत्तम असण्यापेक्षा चारही सारखे असणं जास्त मोलाचं. चारही चॅनेल ५ अंशांनी चुकले तर काहीच बिघडत नाही. एकटा चुकला तर दिसतं. म्हणून एकाने सगळ्या केबल, दुसऱ्याने सगळे फेज शिफ्टर, तिसऱ्याने सगळे डायपोल अशी वाटणी करा.

६. पूर्ण सामानाची यादी द्या.

- डायपोलसाठी ६ मिमी ॲल्युमिनियम नळी, सुमारे २.५ मीटर (सहा डायपोल, सहा का, ते प्रश्न ८ मध्ये)
- डायपोलमागे परावर्तक म्हणून वेल्डेड जाळी, २५ मिमी किंवा त्याहून बारीक छिद्राची, २.४ × ०.९ मीटर, दोन तुकड्यांत
- एसपीएफ५१८९झेडचे एलएनए (कमी नॉइजचा ॲम्प्लिफायर) मॉड्यूल : ४ अधिक १ जादा
- पीई४२५९ आरएफ स्विच : २४ लागतात, ३० घ्या
- ७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टर : २
- आरजी-३१६ केबल : एकाच रिळातली १० मीटर
- एसएमए कनेक्टर : ३० नग, एकाच बनावटीचे
- कंबाइनरसाठी (चार सिग्नल एकत्र करणारा भाग) ७५ ओमची आरजी-५९ केबल : १ मीटर, आणि १०० ओमचे ०८०५ रेझिस्टर
- १०० पिकोफॅरड आणि १०० नॅनोफॅरडचे ०८०५ कपॅसिटर : प्रत्येकी ५०
- ४३५ मेगाहर्ट्झचे बँडपास फिल्टर : ४, एकाच लॉटचे
- ५० ओमचे एसएमए टर्मिनेटर (मोकळं टोक बंद करायला) : ४
- १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर बॅटरी, ५ व्होल्ट आणि ३ व्होल्टचे लिनिअर रेग्युलेटर
- नॅनोव्हीएनए, एक आरटीएल-एसडीआर (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर), १० आणि २० डीबीचे अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे)

‘एकाच रिळातली’, ‘एकाच लॉटचे’ हे शब्द हौसेने घातलेले नाहीत. पैसे वाचवायला दोन ठिकाणांहून केबल आणली तर प्रसारणाचा वेग एक-दीड टक्क्याने वेगळा निघू शकतो, आणि ३ मीटर केबलमध्ये दीड टक्का म्हणजे ३० अंशांच्या वर फरक.

७. हे कोल्हापुरात मिळतं का?

नळी, जाळी, क्लॅम्प, नट-बोल्ट, बॅटरी, आरजी-५९ हे सगळं मिळतं. जाळीची चौकट, डायपोलचे नायलॉन ठोकळे आणि ॲल्युमिनियमचे डबे उद्यमनगरात करून घ्या. ठोकळ्यांना ड्रिल मारताना सहाही एकत्र धरून मारायला सांगा, म्हणजे छिद्रं एका रेषेत येतात. आरएफचे सुटे भाग पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधावे लागतात. स्विच आणि फिल्टर बहुधा ऑनलाइनच.

८. डायपोल किती लांब, किती उंच, किती अंतरावर?

४३६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ६८८ मिमी. डायपोलची टोकापासून टोकापर्यंत लांबी ३२५ मिमी, जाळीपासून उंची १७२ मिमी, दोन डायपोलमधलं अंतर ३४४ मिमी. सगळे डायपोल एकमेकांना समांतर आणि ॲरेच्या ओळीला आडवे. जाळीवर एवढ्या उंचीला इम्पीडन्स ५० ओमच्या बराच वर राहतो, त्यामुळे एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली त्याचं माप, १ म्हणजे अचूक) १.७ च्या आसपास दिसला तर घाबरू नका. ऐकण्यासाठी तो पुरेसा आहे. फीडपाशी, म्हणजे केबल डायपोलला जोडते तिथे, केबलवर फेराइट मणी घाला, नाहीतर केबलचं शिल्डच अँटेना होतं आणि केबल हलवली की रीडिंग हलतं.

सहा डायपोल अशासाठी की ओळीतल्या मधल्या डायपोलला दोन्ही बाजूंना शेजारी असतात आणि कडेच्याला एकाच बाजूला. शेजारच्या डायपोलचा परिणाम इम्पीडन्सवर आणि पॅटर्नवर होतो, त्यामुळे कडेचे दोन वेगळे वागतात. दोन्ही टोकांना एकेक बिनकामाचा डायपोल लावून तो ५० ओमच्या टर्मिनेटरने बंद केला की मधल्या चारांना सारखेच शेजार मिळतात. इतक्या कमी खर्चात एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट या रचनेत नाही.

अंतर वाढवून बीम अरुंद करायचा मोह होतो. ४५ अंशांपर्यंत बीम वळवायचा असेल तर अंतर ४० सेंटीमीटरच्या आत हवं. त्यापुढे दुसऱ्याच दिशेला तितकाच मोठा दुसरा बीम उगवतो आणि सिग्नल कुठून येतोय ते कळेनासं होतं.

९. फेज शिफ्टर घरी कसा बनवायचा?

स्विच केलेल्या केबलच्या तुकड्यांनी. प्रत्येक बिटला दोन पीई४२५९ स्विच : एका स्थितीत सिग्नल सरळ आखूड वाटेने जातो, दुसऱ्या स्थितीत केबलच्या जादा तुकड्यातून. आरजी-३१६ मध्ये (वेगाचा गुणक ०.६९५) ४५ अंशांसाठी ६० मिमी, ९० साठी ११९.५ मिमी, १८० साठी २३९ मिमी. ही आखूड वाटेपेक्षा जादा लांबी आहे, एकूण नव्हे. तुकडा ३ मिमी जास्त ठेवा, लावा, मोजा, मग छाटा.

तीन बिट म्हणजे ४५ अंशांच्या आठ पायऱ्या आणि जास्तीत जास्त २२.५ अंशांची चूक. ऐकायला ती भयंकर वाटते, पण त्यामुळे सरासरी ०.२ डीबीच्या आसपासच नुकसान होतं. दोन बिट ठेवले तर ०.९ डीबी. चौथ्या बिटाने पुढे फारसं हाती लागत नाही, म्हणून तीन.

सुरुवातीला या सात दिशाच वापरा, कारण त्यांना पायऱ्या अचूक बसतात आणि आकडा जवळच्या पायरीवर नेण्याची चूक उरतच नाही :

- ० अंश : ०, ०, ०, ०
- १४.५ अंश : ०, ४५, ९०, १३५
- ३० अंश : ०, ९०, १८०, २७०
- ४८.६ अंश : ०, १३५, २७०, ४५
- उलट बाजूच्या तीन दिशांना हेच आकडे उलट क्रमाने

पीई४२५९ ला ३ व्होल्ट द्या आणि ७४एचसी५९५ देखील त्याच ३ व्होल्टवर चालवा. ५ व्होल्टच्या आर्डुइनोच्या (कंट्रोलर बोर्डच्या) पिनला स्विच थेट जोडला की तो मरतो, आणि मेलेला स्विच बंद पडत नाही तर अर्धवट चालतो. अशा स्विचमागे अख्खी संध्याकाळ जाते. वीज दिल्यावर ५९५ चे आउटपुट कसेही असू शकतात, म्हणून त्याची आउटपुट-एनेबल पिन रेझिस्टरने वर ओढून ठेवा आणि पहिला आकडा भरल्यावरच खाली आणा.

स्विच एससी-७० पॅकेजमध्ये येतो, दोन पायांमधलं अंतर ०.६५ मिमी. भरपूर फ्लक्स, ०.५ मिमी ६३/३७ सोल्डर, ३३० अंशांवर सोल्डरिंग बिट आणि भिंग, एवढ्यावर हाताने बसतो. आधी एक कोपरा टाचा, दिशा तपासा, मगच बाकीचे पाय.

१०. एलएनए फेज शिफ्टरच्या आधी लावायचा की नंतर? नंतर लावला तर एकच लागेल ना?

एकच लागेल, पण ॲरेचा फायदा निम्मा जाईल. सहा स्विच, केबल आणि कनेक्टर मिळून सुमारे ३ डीबी खातात. ते एलएनएच्या आधी आले तर ३ डीबी थेट नॉइज फिगरमध्ये (रिसीव्हर स्वतःचा किती नॉइज भरतो ते माप) जमा होतात. चार अँटेनांनी मिळवलेल्या ६ डीबींतले ३ तिथेच संपले. ०.६ डीबी नॉइज फिगरचा आणि २० डीबी गेनचा एलएनए डायपोलजवळ लावला, तर त्यामागच्या ३ डीबी नुकसानीचा आणि रिसीव्हरचा मिळून परिणाम पाव-अर्ध्या डीबीत राहतो.

फिल्टर मात्र विचार करून लावा. शहरात एफएम आणि मोबाइलचे सिग्नल इतके जोरदार असतात की उघडा एलएनए त्यांनीच भरून जातो. फिल्टर एलएनएच्या पुढे लावला की हे टळतं, पण त्याचं नुकसान नॉइज फिगरमध्ये येतं. गावात राजारामपुरी-शाहूपुरीच्या गच्चीवर फिल्टर आधी लावा; पन्हाळ्याच्या बाजूला मोकळ्या रानात, मोबाइलचा मनोरा जवळ नसेल तर नंतर लावला तरी चालतो. चारही चॅनेलना एकच क्रम ठेवायचा, हे सांगायला नकोच.

एक एलएनए सुमारे ९० मिलिअँपिअर घेतो, चार मिळून ०.४ अँपिअरच्या आत. १२ व्होल्टवरून ७८०५ ने ५ व्होल्ट केले तर त्यावर जवळपास ३ वॅट उष्णता निघते, म्हणून हीट सिंक लावाच. स्विचिंग कन्व्हर्टर थंड राहतो, पण त्याचा किरकिराट रिसीव्हरमध्ये उतरतो.

११. चार सिग्नल एकत्र करायला टी-कनेक्टर चालतील का?

नाही. टी-कनेक्टरने इम्पीडन्स बिघडतो आणि एका चॅनेलमधलं परावर्तन दुसऱ्यात शिरतं. विल्किन्सन कंबाइनर करा : ७५ ओम आरजी-५९ चे पाव तरंगलांबीचे दोन तुकडे (११३ मिमी) आणि त्यांच्या इनपुट टोकांमध्ये १०० ओम. असे तीन केले की चार-एक कंबाइनर होतो. खरी गरज ७०.७ ओमची असते, पण ७५ ने भागतं.

छापील सर्किट करणार असाल तर १.६ मिमी एफआर-४ वर ५० ओमची रेघ सुमारे ३ मिमी रुंद, ७०.७ ओमची सुमारे १.६ मिमी रुंद आणि ९७ मिमी लांब. एफआर-४ चा डायइलेक्ट्रिक स्थिरांक लॉटनुसार बदलतो, पण चारही फांद्या एकाच बोर्डवर असतील तर चूक चौघांनाही सारखी लागते आणि त्यामुळे निरुपद्रवी ठरते.

१२. सगळं जोडण्याआधी काय काय तपासायचं?

घाई इथेच होते, म्हणून क्रमाने सांगतो.

नॅनोव्हीएनए ४३० ते ४४० मेगाहर्ट्झवर ठेवा, दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, मग ओपन-शॉर्ट-लोड-थ्रू कॅलिब्रेशन करा. मोजणीची केबल टेबलाला चिकटपट्टीने बांधून टाका. ती वाकली की फेज हलते. एलएनए मोजताना नॅनोव्हीएनएच्या पहिल्या पोर्टवर २० डीबी अटेन्युएटर लावून पुन्हा कॅलिब्रेट करा, नाहीतर एलएनए आणि पोर्ट दोन्ही भरून जातील.

१. प्रत्येक केबलची फेज लिहा. चौघींत २ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर लांबडी छाटा.

२. प्रत्येक फेज शिफ्टरच्या आठही स्थितींत फेज आणि नुकसान लिहा. चार शिफ्टर × आठ स्थिती = ३२ ओळी. एका स्थितीत नुकसान अचानक ५-१० डीबीने वाढलं तर तो बिट उघडा आहे : स्विचचा पाय सुटलाय किंवा केबलचा गाभा.

३. एलएनएसकट पूर्ण चॅनेल मोजा. गेनमध्ये १ डीबीपर्यंतचा फरक चालतो.

४. शून्य-चाचणी : एकाच सिग्नलचे स्प्लिटरने दोन भाग करून दोन चॅनेलना द्या, दोन्ही कंबाइनरमध्ये आणा. आधी दोन्ही शून्यावर ठेवून पातळी लिहा, मग एकाला १८० अंश द्या. दोन्ही सारखे असतील तर सिग्नल जवळजवळ नाहीसा होतो. १० अंशांची चूक असेल तर पातळी २१ डीबीने पडते. फेज अचूक पण गेनमध्ये १ डीबीचा फरक असेल तर २५ डीबीच्या आसपास. २० डीबीपेक्षा कमी पडली तर पुढे जाऊ नका.

महागड्या उपकरणाशिवाय चॅनेलचा सारखेपणा दाखवणारी ही सगळ्यात चांगली चाचणी आहे. चॅनेल १-२, १-३, १-४ अशा तीन जोड्या पुरतात.

१३. बाहेर नेऊन कॅलिब्रेशन कसं करायचं?

या ॲरेसाठी दूरक्षेत्र (जिथून आलेली लहर सपाट धरता येते) सुमारे ६ मीटरवर सुरू होतं. टेस्ट सिग्नल १० मीटर किंवा जास्त लांब ठेवा. गच्चीवर पाण्याची टाकी, लोखंडी जिना आणि ओले कपडे वाळत घातलेल्या तारा, सगळ्यांवरून परावर्तन येतं. शाळेचं मोकळं मैदान बरं. ॲरे उभा करून (जाळी भिंतीसारखी) सिग्नलकडे तोंड करा, दोन्ही सारख्या उंचीवर, जमिनीपासून २ मीटर तरी वर. डायपोल उभे असतील तर स्रोताचा डायपोलही उभा.

स्रोत म्हणून हँडहेल्ड सेटला अटेन्युएटर लावून वापरू नका. अटेन्युएटर ६० डीबीचा असला तरी सेटच्या अंगातून गळणारा सिग्नल त्यापेक्षा मोठा असतो आणि त्याची दिशा आणि ध्रुवण (लहर उभी की आडवी) काहीच ठरलेलं नसतं. छोटा सिग्नल जनरेटर किंवा नॅनोव्हीएनए, पुढे २० डीबी अटेन्युएटर आणि एक डायपोल एवढं पुरतं. कायद्याची बाजू प्रश्न ४ मध्ये आहे.

आता एकेक चॅनेल न मोजता जोड्या मोजा : १ आणि २ जोडा, बाकी दोन टर्मिनेट करा, चॅनेल २ च्या आठही स्थिती फिरवा आणि सगळ्यात कमी पातळी कुठे येते ते लिहा. शिखर बोथट असतं, खड्डा टोकदार असतो, म्हणून कमीत कमी शोधायचं. तिथून १८० अंश पलीकडे दोघांचा मेळ. हेच १-३ आणि १-४ या जोड्यांसाठी. आलेले फरक कंट्रोलरच्या तक्त्यात कायमची दुरुस्ती म्हणून भरा.

१४. बीम सांगितलेल्या दिशेला जातच नाही, किंवा शिखर दोन ठिकाणी दिसतं. काय चुकलंय?

बीम बरोबर आरशातल्यासारखा उलट बाजूला जात असेल तर चॅनेलचा क्रम उलटा लागला आहे. सांगितलेल्या दिशेला सिग्नल बुटका आणि दोन बाजूंना त्याहून मोठी शिखरं असतील तर एक डायपोल उलटा बसला आहे : गाभा डावीकडे हवा तो उजवीकडे, म्हणजे थेट १८० अंशांची चूक. प्रत्येक डायपोलच्या गाभ्याच्या बाजूला लाल रंगाचा ठिपका द्या.

शिखर सगळ्या दिशांना थोडं थोडं सरकलेलं असेल तर ॲरे स्रोताला सरळ तोंड करून नव्हता. आणि दर वेळी वेगळंच येत असेल तर एसएमए कनेक्टर हाताने सैल लावलेत. पाना वापरा, पण जोर लावू नका. चार समान चॅनेलच्या ॲरेला पहिला बाजूचा लोब (मुख्य बीमशेजारचा छोटा बीम) मुख्य बीमच्या ११ डीबी खालीच असतो, तेव्हा तिथे सिग्नल ऐकू येणं हा दोष नाही.

१५. चार आरटीएल-एसडीआर लावून सगळं सॉफ्टवेअरमध्येच केलं तर फेज शिफ्टर लागणार नाही ना?

लागणार नाही, आणि बीमही कितीही करता येतील. पण चारही डोंगलना एकच २८.८ मेगाहर्ट्झचं क्लॉक द्यावं लागतं, आणि तेवढ्यानेही भागत नाही : फ्रिक्वेन्सी बदलली की प्रत्येक ट्यूनरचं पीएलएल (फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारं सर्किट) वेगळ्याच फेजवर स्थिरावतं. म्हणून चौघांना एकाच नॉइज स्रोतातून सिग्नल देऊन दर वेळी नव्याने जुळवावं लागतं. पाच चॅनेलचा क्रेकनएसडीआर हेच आतल्या आत करतो. शिकायचं असेल तर आधी केबलचा फेज शिफ्टर करा; फेज म्हणजे काय ते हाताला कळतं. मग १० गिगाहर्ट्झकडे जायचं असेल तर ॲनालॉग डिव्हायसेसचा आठ घटकांचा फेजर संच आहे, त्याचं सर्किट खुलं आहे.

क्लॉकची एक गंमत : २८.८ ची पंधरावी आणि आर्डुइनोच्या १६ मेगाहर्ट्झची सत्ताविसावी हार्मोनिक (म्हणजे पंधरापट आणि सत्तावीसपट) दोन्ही ४३२ वर पडतात. तिथे काडी दिसली तर तो उपग्रह नव्हे.

१६. कोणता उपग्रह आधी ऐकायचा?

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा रिपीटर चालू असेल तर ४३७.८०० मेगाहर्ट्झ, एसओ-५० या हॅम उपग्रहाचा डाउनलिंक (खाली येणारा सिग्नल) ४३६.७९५. डॉप्लरमुळे (उपग्रह जवळ येतो आणि लांब जातो म्हणून) फ्रिक्वेन्सी सुमारे १० किलोहर्ट्झ वरून सुरू होते आणि तेवढीच खाली जाते. ॲरे आडवा, तोंड आकाशाकडे, आणि ओळ साधारण उपग्रहाच्या मार्गाच्या दिशेने ठेवा, म्हणजे सात बीम एकामागून एक वापरता येतात. स्थानक डोक्यावर असतानाही सेकंदाला अंशभरच सरकतं, त्यामुळे बीम बदलायची घाई नसते. सिग्नल मध्येच खोल पडला तर आधी ध्रुवणाचा विचार करा : उपग्रह वळत राहतो आणि आपले डायपोल एकाच ध्रुवणात ऐकतात. एक साधा डायपोल दुसऱ्या रिसीव्हरला लावून सोबत रेकॉर्ड केलात तरच ६ डीबी खरोखर मिळाले का ते कळेल.

१७. पावसाळ्यात ॲरे गच्चीवर ठेवता येईल का?

जून ते सप्टेंबर उतरवून ठेवा. केबलमध्ये पाणी शिरलं की डीबीत फारसं काही दिसत नसतानाही फेज सरकते, आणि ती पुन्हा कधी जागेवर येत नाही. ती केबल बदलावीच लागते. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, दुपारी आभाळ भरून आलं की केबल रिसीव्हरपासून सोडवून बाहेर टाका आणि कुणीही गच्चीवर थांबू नका.

थंडीतली एक बारीक गोष्ट : आरजी-३१६ मधलं टेफ्लॉन १९ अंश सेल्सिअसच्या आसपास आपली रचना बदलतं आणि फेज जरा उडी मारते. डिसेंबरच्या पहाटे मोजलेलं आणि दुपारी मोजलेलं म्हणून जुळत नाही. चारही केबल सारख्याच सावलीत किंवा सारख्याच उन्हात ठेवल्या की उडीही चौघींची सारखीच पडते.

१८. याच ॲरेतून ट्रान्समिट करता येईल का?

नाही. एलएनए एकाच दिशेने चालतो. उलट्या बाजूने पॉवर दिली की तो जातो. त्यासाठी प्रत्येक चॅनेलला वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर आणि ट्रान्समिट-रिसीव्ह स्विच लागतो. ती वेगळीच रचना आहे.

१९. एखादी कंपनी पैसे देऊन स्वयंसेवकांकडून हे करून घेऊ शकते का?

बोर्ड बनवण्याचे पैसे द्यायला कुणाची हरकत नाही. पण हॅम सेवेत आर्थिक हितसंबंध चालत नाहीत, त्यामुळे कंपनीच्या उत्पादनाची चाचणी हॅम फ्रिक्वेन्सीवर, हॅमच्या कॉलसाइनखाली करता येत नाही. सुट्या भागांची देणगी घेताना ‘रचना खुली राहील’ हे आधी लेखी ठरवा.

२०. एखादा स्वयंसेवक मध्येच नोकरीसाठी पुण्याला गेला, परीक्षा आल्या. काम कसं पुढे न्यायचं?

प्रत्येक बोर्डवर मार्करने क्रमांक आणि तारीख. प्रश्न १२ मधल्या ३२ ओळी एका सामायिक तक्त्यात, कोणत्या उपकरणाने मोजल्या त्यासह. सर्किट आणि बोर्डच्या किकॅड फायली एकाच ठिकाणी, आणि बोर्डवर छापलेला आवृत्ती क्रमांक फायलीशी जुळणारा. उरलेली आरजी-३१६ त्याच रिळावर, ‘ॲरेसाठी, इतरत्र वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून. नवा माणूस आला की त्याला आधी चॅनेल १ पुन्हा मोजायला द्या. त्याचे आकडे जुन्या तक्त्याशी ३ अंशांच्या आत आले की त्याच्या हाती सोल्डरिंग गन द्यायला हरकत नाही. नाही आले, तर बहुतेक वेळा कॅलिब्रेशनची पायरी सुटलेली असते. त्याच्याशेजारी बसून ती पुन्हा करून घ्या.